जेवण घालायचं कुणी?

“बाबा, उधळ्या पुत्राच्या दृष्टांतात जेवण कुणी घातलं होतं? बापानं की पोरानं?”

चहाचं ताट अजून उषाच्या हातातच होतं.  शनिवारच्या जेवणाला कुणाकुणाला बोलवायचं याची यादी तिचे बाबा, वामन मास्तर, बैठकीत लिहीत होते. त्यांची लेखणी ‘भाईदासबाबांचं कुटुंब’ या ओळीवर थबकली. मधुकरकाकानं कपासाठी पुढे केलेला हात हवेतच राहिला. भाईदासबाबा ख्रिस्ती मंडळीचे सगळ्यात जुने वडील, म्हणजे कारभारी. मोतीबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे गेले होते, पण कान अजून शाबूत होते. त्यांनी पोरीच्या आवाजाकडे मान वळवली.

“हा काय प्रश्न झाला?” मास्तर म्हणाले. “दहा वर्षं रविवारच्या शाळेत जातेस ना? बापानं घातलं. पुष्ट वासरू कापलं.”

“नक्की?”

“उषा.”

“नाही, नक्की करून घेते. म्हणजे पोरगा घरी आला, आणि बापानं असं नाही म्हटलं की, बाळा, आलास ते बरं केलंस, आता एक बोकड आण आणि आधी गावाला जेवू घाल?”

काकाला हसू फुटलं. तोंडात चहा नव्हता म्हणून बरं.

“मग शनिवारी मालूआत्या का जेवण घालतेय?” उषानं विचारलं आणि ताट खाली ठेवलं. कपांतला चहा बशीत सांडला, पण तिचा आवाज मात्र जराही हलला नव्हता. तिचं तिलाच नवल वाटलं.

तसा हा प्रश्न तिचा एकटीचा नव्हता. दुपारच्या सुट्टीत मिशनच्या शाळेच्या कट्ट्यावर त्या तिघी डबे उघडून बसल्या होत्या. उषा, बोर्डिंगातली मालती आणि जरी-कलाबतूच्या व्यापाऱ्याची लीला. शनिवारी आमच्याकडे मोठी पंगत आहे, आत्याची बकरी कापणार, अख्खी मंडळी जेवायला येणार, असं उषा हात नाचवून सांगत होती. लीलानं पुरीचा घास तोंडाजवळच थांबवला.

“रुक जरा. तुझी आत्या बाहेर होती ना?”

“हो. अकरा वर्षं. दापोऱ्याच्या एका हिंदू शेतकऱ्याशी लग्न केलं होतं तिनं. बाबांना न विचारता, मंडळीला न सांगता. तो गेला, म्हणून परत आली.”

“आणि आता जातवाल्यांना जेवण घालून परत जातीत येणार.”

“जात नाही गं. मंडळी.”

“अगं, तेच ते! आमच्या एका मामाला पंचांनी असंच बाहेर टाकलं होतं. त्यानं पाच गावांना लाडूचं जेवण घातलं, तेव्हा कुठे त्याच्या घरचं पाणी चालायला लागलं. हूबहू तसंच. आणि तू तर रोज आमचं डोकं खातेस, आमच्यात सगळं फुकट मिळतं, कृपा, कृपा! फिर ये बकरी काहे की?”

मालतीला हसून हसून ठसका लागला. उषानं तोंड उघडलं आणि उत्तर न सापडल्यामुळे पुन्हा मिटलं. तिच्या आयुष्यात ही गोष्ट क्वचित घडायची. गेल्या महिन्यात शाळेच्या वार्षिक सभेत ती दोनशे माणसांसमोर उभी राहून बोलली होती. आपल्या गळ्यात एक घंटा आहे हे तिला तेव्हा कळलं होतं, आणि तेव्हापासून ती घंटा दिवसभर वाजत होती. नेमकी आता गप्प.

“मला नको सांगूस,” लीला म्हणाली. “घरी विचार. सगळ्यांसमोर. हिंमत आहे?”

“आहेच मुळी!”

“उद्या सांग मग, काय उत्तर मिळालं ते. पण बनवून नाही सांगायचं.”

आणि आता उत्तर समोर बसलं होतं, तीन माणसांच्या चेहऱ्यांवर.

“उषा, आत ये,” स्वयंपाकघरातून आईची हाक आली. आशाबाईंच्या हाकेत रागापेक्षा घाई जास्त होती. तवा तापला होता की पोरीला बैठकीतून उठवायचं होतं, कुणास ठाऊक.

“येते. उत्तर मिळालं की येते.”

“उत्तर देतो,” मास्तर म्हणाले. ते वर्गात बोलत तसे बोलू लागले, एकेक शब्द फळ्यावर मांडल्यासारखा. “देवाची क्षमा फुकटच आहे. त्याबद्दल कुणाचं म्हणणं नाही. पण मालूनं देवाचा अपराध केला तसा मंडळीचाही केला. मंडळीला मान खाली घालावी लागली. बाजारात लोक विचारायचे, मंडळीच्या वडिलांचीच मुलगी गेली का हो? ती मान वर व्हावी म्हणून जेवण. ही शिस्त आहे. आणि ही काही मी काढली नाही. माझ्या वडिलांच्या काळापासून चालत आली आहे.”

“तुझ्या आज्याच्या, यादवदादाच्या टायमापासून,” भाईदासबाबांनी मान डोलावली. “नियम हाय तो, पोरी. जेवण झालं का रविवारी मालू टेबलाजवळ येईल. तोवर नाव बंद.”

नाव बंद म्हणजे काय ते उषानं लहानपणापासून पाहिलं होतं. महिन्यातून एकदा मंडळीच्या देवळात टेबलाशी प्रभुभोजन असायचं. उपदेश संपला की पाळकसाहेब हळू आवाजात म्हणत, ज्यांची नावं बंद आहेत त्यांनी आता उठावं. मग एक-दोन माणसं उठून, कुणाकडे न बघता, मधल्या वाटेनं बाहेर ओसरीवर जात, आणि त्यांच्यामागे दार लावलं जाई. आत भाकर मोडली जाई, प्याला फिरे. मागच्या महिन्यात मालूआत्या अशीच उठली होती. तिच्या चपला नव्या होत्या, त्या करकर वाजल्या. सगळ्या मंडळीनं तो आवाज दारापर्यंत ऐकला.

आणि या रविवारी उषाचं पहिलं प्रभुभोजन होतं. सगळ्यांसमोर उभं राहून साक्ष द्यायची, मंडळीची पूर्ण सभासद व्हायचं. आईनं त्यासाठी पांढरं लुगडं आणलं होतं, आणि उषानं ते कुणाचं लक्ष नसताना चारदा नेसून पाहिलं होतं.

“बाबा,” ती म्हणाली, “आजोबांना दापोऱ्याच्या पंचांनी काय सांगितलं होतं?”

मास्तरांनी लेखणी खाली ठेवली. ही गोष्ट ते स्वतः दर नाताळाला सांगत. यादवबाबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा गावानं त्यांचं पाणी बंद केलं. वर्षभरानं पंच आले आणि म्हणाले, झालं गेलं विसरू, जातीला एक जेवण घाल आणि परत ये. यादवबाबा केळीच्या बागेत उभे होते. त्यांनी विळा खाली ठेवला आणि हात जोडले. म्हणाले, पंचहो, माझं जेवण कुणीतरी आधीच घातलंय. आता मी दुसरं घालणार नाही.

दर नाताळाला या वाक्यावर मास्तरांचा गळा भरून यायचा. आज त्यांनी यादीचा कागद उगाच सरळ केला.

“ते वेगळं होतं.”

“काय वेगळं?”

“ते अन्यधर्मी पंच होते.”

“बकरी तर तीच आहे!”

“मास्तर,” काका म्हणाला, “पोरीला वकील करा. गिरणीत आमच्या साहेबासमोर उभी केली तर पगार वाढेल आमचा.” मग त्याच्या लक्षात आलं की कुणीच हसत नाहीये. त्यानं बशीतला चहा फुर्र करून ओढला आणि जरा दबक्या आवाजात म्हणाला, “पण दादा, खरं सांगू? मलाही ते बरं वाटत नाही. तिच्याजवळ ती एकच बकरी. तिचं दूध विकून ती स्वतःचं भागवते. तुझ्या घरात राहते, पण साखरेचा खडासुद्धा तुझा घेत नाही.”

“परवा तर तूच म्हणालास, मटण बऱ्याच दिवसांत झालं नाही.”

“म्हणालो. पोट बोललं ते. आता मी बोलतोय.”

काल रात्रीपर्यंत या घरात दोन भाऊ एका बाजूला होते. आज ते दोन बाजूंना गेलेले उषाला बघायला मिळाले आणि तिचा ऊर भरून आला. हा सगळा आपल्याच प्रश्नाचा प्रताप, असंही तिच्या मनात आलं. त्याबद्दल नंतर प्रार्थनेत माफी मागावी लागणार होती.

भाईदासबाबा काठीवर दोन्ही हात ठेवून बसले होते. 

“वामन,” ते म्हणाले, “पहिलं जेवण कोनं घातलं, ठावं हाय तुले?”

“कुठलं पहिलं?”

“मंडळीतलं. हा नियम ज्या जेवनापासून सुरू झाला ते. तू लहान व्हता. म्या घातलं ते.”

मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं. हे त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. स्वयंपाकघराच्या दारात आई येऊन उभी राहिली. तिच्या हाताला पीठ होतं.

“संवत छप्पनचा दुष्काळ. तापी नुसती वाळू झाली व्हती. माझी दोन लेकरं गेली. गावातल्या भाऊबंदांनी सांगितलं, येशूचं नाव सोड, कोठीतून जवारी देतो. म्या सोडलं.” भाईदासबाबांनी हे असं सांगितलं, जसं आज बाजाराला गेलो होतो म्हणावं. “पाऊस झाला. पोट भरलं. मंग लाज वाटाले लागली. आलो परत. सोळा मानसांची मंडळी व्हती तवा. पन मले कोनी जवळ बसू देईना. माझ्या हातचं पानी घेईना. उठून गेलेला मानूस म्हनत. तवा यादवदादा माझ्या झोपडीत आला. पाठीवर अर्धं पोतं जवारी. त्याच्या स्वतःच्या घरची. म्हने, भाईदास, दळ. रांध. मी सगळ्यांले जेवाले बोलावलं हाय तुझ्याकडं.”

“आजोबांची ज्वारी?” उषा म्हणाली.

“यादवदादाची जवारी, यादवदादाची दाळ. माझं नुसतं पानी आन् हात. सगळे आले, पन दारातच उभे. दादा पहिले बसला. भाकर मोडली, खाल्ली, आन् मोठ्यानं म्हनला, भाईदासच्या हातची भाकर मऊ असते. बस. मंग सगळे बसले.” त्यांचे पांढरे डोळे कुठेच बघत नव्हते. “त्याच्यासाठी व्हतं ते जेवन, वामन. मानसाच्या हातचं आपन खातो, हे दाखवासाठी. त्यानं दंड भरावा म्हनून नाही.”

 बाहेर कुठेतरी टांग्याच्या घोड्याच्या टापा वाजत गेल्या.

“मग बदललं कधी?” मास्तरांनी विचारलं. त्यांचा आवाज फळ्यावरून खाली उतरला होता.

“दादा थकला, मंडळी वाढली. पुढच्यानं स्वतःची जवारी आनली. त्याच्या पुढच्यानं कोंबडं. मंग बकरी. कोनी म्हनलं नाही, पन झालं. आन् म्या...” बाबा थांबले. “म्या चालू दिलं. मले वाटे, मी इतका रडलो, तर दुसऱ्यानं बी थोडं रडाले पायजे. फुकट कशाले सुटावं त्यानं?”

उषाला एकदम वाटलं की आपण जिंकलो. तिनं आईकडे पाहिलं, काकाकडे पाहिलं. पण भाईदासबाबांनी काठी आपटली आणि ते उठले.

“पन ते सोळा मानसांत व्हतं. आता दोनशे हायत. नियम मोडला तर उद्या कोनीबी जाईल, कोनीबी येईल. म्हनतील, चला, कृपा हाय ना, मजा करा. वामन, तू वडील हायेस, तू पाहा. मी म्हातारा झालो. शनिवारी येईन मी. जेवीन का नाही, ते सांगता येत नाही.” काकानं त्यांचा हात धरला आणि दोघं बाहेर पडले.

मास्तरांनी यादी पुन्हा पुढे ओढली. त्यांनी लेखणी शाईत बुडवली. लिहिलं काहीच नाही.

“शनिवारचं जेवण होईल,” ते शेवटी म्हणाले. “नियम मी एकटा बदलू शकत नाही. आशा, शेजारून दोन मोठी पातेली मागव.”

मालूआत्या मागच्या अंगणात बकरीची धार काढत होती. उन्हं उतरली होती. बकरी काळी, एका कानावर पांढरा डाग. दापोऱ्याहून आली तेव्हा आत्यानं तिला दोरीनं धरून तापीच्या घाटापासून चालवत आणलं होतं. नवऱ्याच्या घरातून तिनं आणलेली ती एकच गोष्ट.

“ऐकलं सगळं,” आत्या म्हणाली. “तुझा आवाज जैनाबादपर्यंत गेला असेल. नदीपलीकडच्या लोकांनी पण ऐकलं असणार.”

“मग? बोल ना काहीतरी!”

“काय बोलू? देते बकरी. एक बकरी गेली तर काय मोठं.”

उषा तिच्यासमोर मातीतच बसली. “आत्या, तू ऐकलंस ना भाईदासबाबांनी काय सांगितलं? ज्वारी आजोबांची होती! तुला काही द्यायचंच नाहीये!”

“आणि मला फुकट नको आहे.” आत्याचे हात थांबले नाहीत. भांड्यात दुधाच्या धारा सुर्र सुर्र पडत होत्या. “बघ बाई, तुझं बरोबर आहे. पण तू सोळा वर्षांची आहेस. मी बत्तीसची आहे आणि भावाच्या घरात उसन्या खाटेवर झोपते. लोक म्हणतील, हिला फुकट घेतली, भावाच्या जोरावर घेतली. ते ऐकण्यापेक्षा बकरी गेलेली परवडली. निदान मान वर करून बसेन.”

“म्हणजे तू पण तेच म्हणतेस! बाबांसारखंच!”

“बहीण आहे ना त्यांची.”

उषाला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. ज्याच्यासाठी आपण भांडावं त्यानंच समोरच्याच्या बाजूनं जाऊन बसावं, हे तिनं शाळेच्या वादविवादात कधी पाहिलं नव्हतं. तिथं बाजू ठरलेल्या असत.

“तुला पश्चात्ताप झालाय का, आत्या?” तिनं रागानंच विचारलं.

आत्यानं भांडं बाजूला ठेवलं. पदरानं हात पुसले.

“झालाय. ऐक, कशाचा ते सांगते. आपल्या पवित्र शास्त्राचं पुस्तक मी फडक्यात बांधून कणगीत ठेवलं होतं. अकरा वर्षं उघडलं नाही. सासूला काय वाटेल, गावाला काय वाटेल. देवाला असं कणगीत घातलं मी, त्याचं रडू येतं. अजून येतं. पण गोटूशी संसार केला त्याचं रडू येत नाही, आणि कुणी बकऱ्या कापून घेतल्या तरी येणार नाही. तो भला माणूस होता. त्याला ताप चढला तेव्हा तोच म्हणाला, मालू, तुझ्या देवाचं काहीतरी म्हण ना. म्हटलं मी. मोठ्यानं. पहिल्यांदा. सासू दारात होती तरी.” तिनं बकरीच्या पाठीवरून हात फिरवला. “त्या दिवशी मला कळलं की तो मला सोडून गेला नव्हता. देव. मी काही न देता. कणगीतूनसुद्धा ऐकत होता.”

उषानंही बकरीच्या पाठीवर हात ठेवला. राग कुठे गेला ते तिला कळलं नाही.

“मग तुझं तर झालंच,” ती हळूच म्हणाली. “तुला आधीच घेतलंय.”

“हं.”

“मग ही बकरी?”

आत्यानं दुधाचं भांडं पदरानं झाकलं. मग अचानक हसली. गालावर खळी पडली. ती खळी उषानं फक्त जुन्या फोटोत पाहिली होती.

“तुला सांगू का, मला जेवण घालायचंय गं. खरंच घालायचंय. मला स्वयंपाक येतो. सगळ्यांना बसवावं, वाढावं, पोट दुखेपर्यंत खाऊ घालावं. पण आत घेतल्यानंतर. आनंदानं. आत्ता भीतीनं नाही.”

“आधी टेबल, मग जेवण!”

“हो. पण असं कोण ऐकणार?”

उषा उठली. फराकाची माती झटकली, नीट झटकली नाही, आणि घरात पळाली.

मास्तर अजून बैठकीत होते. समोर आई बसली होती. ती मास्तरांसमोर अशी बसलेली उषानं फारशी पाहिली नव्हती. ती नेहमी उभी असायची, हातात काहीतरी घेऊन. आज हात मोकळे होते.

“तुम्ही ते तिला सांगत नाही, म्हणून मी सांगते,” आई म्हणत होती. उषा दाराशी आली हे तिनं पाहिलं, पण ती थांबली नाही. “मामंजी शेवटी अंथरुणाला खिळले होते, तेव्हा दोन वर्षं यांनी त्यांचं सगळं केलं. उचलून बसवायचं, भरवायचं, धुवायचं. आणि मामंजी रोज संध्याकाळी दाराकडे बघायचे. मालू आली का? रोज.”

“आशा,” मास्तर म्हणाले.

“हे शेजारी बसलेले असायचे. एकदा तरी वामन म्हणून हाक मारायची होती त्यांनी. नाही मारली.”

मास्तरांनी चष्मा काढला. चष्मा नसला की बाबांचा चेहरा वेगळाच दिसायचा, वयानं लहान आणि उघडा. उषाला वाटलं, दृष्टांतात धाकट्यासाठी पंगत चालू असताना थोरला भाऊ बाहेर उभा राहतो, तो रागावलेला असतो असं आपल्याला शाळेत शिकवलं. तो रडत होता का, ते कुणी सांगितलंच नाही.

“मी कधी मंडळी सोडली नाही,” मास्तर म्हणाले. ते उषाशी बोलत होते की भिंतीशी, कळत नव्हतं. “एक रविवार चुकवला नाही. माझ्यासाठी कधी कुणी करडू कापलं नाही. मग तिनं एक बकरी दिली तर माझं काय चुकलं?”

उषा पुढे आली आणि त्यांच्या पायाशी बसली. इतक्या जवळ ती लहानपणानंतर बसली नव्हती.

“तुमचं दुखतं ते खरं आहे, बाबा. मला माहीत नव्हतं. पण आत्याच्या बकरीनं ते थांबेल का?”

मास्तर चष्मा पुसत राहिले.

“आजोबा असते तर त्यांनी ज्वारी आणली असती. पण ते नाहीत. बापाची जागा रिकामी आहे आणि मंडळीत सगळे थोरले भाऊच उरलेत. कुणीतरी एकानं तरी उठून ज्वारी आणायला नको?”

“आणि उद्या लोक म्हणाले की कृपा आहे, मग हवं तसं वागू? भाईदासबाबा उगाच बोलले नाहीत. शिस्तीशिवाय माणूस चांगला राहत नाही, उषा.”

“आत्या चांगली राहायला निघालीये, बाबा. भीतीनं नाही. तिला जेवणसुद्धा घालायचंय, पण आत घेतल्यानंतर, आनंदानं. ज्याला फुकट मिळालं तो असाच देतो ना? दंड भरला की माणूस मोकळा होतो. मग तो पुन्हा कशाला काही देईल? आपल्याला तर जन्मभर द्यायचंय.” तिचा श्वास चढला. हे आपण कुठून बोलतोय ते तिला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. शाळेच्या सभेत तिनं भाषण पाठ केलं होतं. हे पाठ केलेलं नव्हतं.

“शनिवारी जेवण होईल,” मास्तर पुन्हा म्हणाले, पण आता ते सांगत नव्हते. विचारल्यासारखं म्हणत होते.

“मग मी काय करणार ते ऐका. आई, तूही ऐक.” उषा उठून उभी राहिली.  “जेवणाला मी बसणार नाही. आत्याची बकरी कापली तर मी तिच्या अन्नाला हात लावणार नाही. बकरी नाही कापली, तर आत्याचं नाव बंदच राहील. मग रविवारी मी पांढरं लुगडं नेसून देवळात येईन. पाळकसाहेब मला साक्ष द्यायला उभं करतील, मी साक्ष देईन. येशूनं मला फुकट घेतलं, हीच माझी साक्ष. आणि मग ते म्हणतील, ज्यांची नावं बंद आहेत त्यांनी उठावं. आत्या उठेल. मीही उठेन.”

“उषा!” आई म्हणाली.

“मी तिच्याबरोबर बाहेर ओसरीवर जाईन. पुढच्या महिन्यातही जाईन. त्याच्या पुढच्याही. माझं पहिलं प्रभुभोजन आत्याच्या शेजारी बसूनच होईल. मग ते या वर्षी होवो, नाहीतर माझे केस पिकल्यावर होवो. येशूसुद्धा क्रूस घेऊन वेशीबाहेरच गेला होता ना, बाबा, सगळ्यांनी बाहेर काढला तेव्हा? मग मला आत बसून त्याची भाकर कशी गिळता येईल? तुम्ही आत बसा. दार लावून घ्या. मी त्याच्याजवळ बाहेर बसते.”